मदत हवी आहे: कॅसिनो अ‍ॅपवरचा ‘फेअर’ शिक्का खरा की खोटा, कसं ओळखायचं?

रेडीकर:
वेंगुर्ला-शिरोडा पट्ट्यात एका कॅसिनो अ‍ॅपची लिंक स्टेटसवर फिरतेय. खाली ‘आरएनजी सर्टिफाइड’ (आरएनजी म्हणजे आकडे स्वैरपणे काढणारा प्रोग्राम) असा सोनेरी शिक्का, शेजारी ‘आरटीपी ९७%’ (लावलेल्या पैशांपैकी सरासरी एवढे परत), वर ‘गोव्याचं लायसन्स’. पोरं म्हणतात, लॅबने तपासलंय म्हणजे फसवणूक नाही. शिक्का पडताळायचा कसा? आणि खरा निघाला तर त्यातून नेमकं काय सिद्ध होतं?

मांडवीकाठ:
‘गोव्याचं लायसन्स’ आधी बाजूला काढा. १९७६च्या कायद्याखाली तिथे परवानगी मिळते ती पंचतारांकित हॉटेलांना आणि बोटींना; मोबाइलवरच्या कॅसिनोला नाही.
आता शिक्का. त्यावर बोट दाबून नुसतं चित्र मोठं झालं, किंवा अ‍ॅपच्याच साइटवरची पीडीएफ उघडली, तर तो पुरावा नाही, विषय संपला. ईकोग्रा, जीएलआय, आयटेक लॅब्ज, बीएमएम ही यातली ओळखीची नावं. लॅबचा पत्ता स्वतः टाइप करून तिथे शोधा, कारण एका अक्षराने वेगळं डोमेन घेणं काही कठीण नाही. मग कंपनीचं नाव (ब्रँडचं नव्हे), गेमचं व्हर्जन आणि तारीख जुळवा. गोची व्हर्जनमध्ये असते. प्रमाणपत्र असतं मूळ गेमचं, अ‍ॅपवर चालतो त्याच नावाचा नकली.

सीडवाला:
मांडवीकाठ यांच्याशी सहमत. भर एवढीच, की लॅब तपासते ते त्या दिवशी हातात आलेला कोड. अमेरिकेत ‘हॉट लॉटो’ लॉटरीच्या एडी टिपटनने आकडे काढणाऱ्या प्रोग्रामात अशी मेख मारली होती, की वर्षातल्या मोजक्या तारखांनाच आकडे आधी ओळखता यावेत. एरवी सगळं चोख! नुसत्या आकड्यांच्या चाचणीत हे सापडणं अवघड.
‘प्रूव्हेबली फेअर’ (निकाल खेळणाऱ्याला स्वतः पडताळता येतो) लिहिलं असेल तर सर्व्हर सीडचा (निकाल ठरवणाऱ्या त्यांच्या गुप्त मजकुराचा) हॅश, म्हणजे त्या मजकुरावरून काढलेला ठशासारखा कोड, डाव लावण्याआधी कॉपी करून ठेवा आणि क्लायंट सीड (निकालात मिसळला जाणारा तुमच्या बाजूचा मजकूर) त्यानंतर स्वतः बदला. तो न बदलल्यास निकाल त्यांना आधीच ठाऊक असू शकतो. सर्व्हर सीड उघड झाल्यावर त्याचा एसएचए-२५६ पद्धतीने हॅश काढून आधीच्याशी जुळवा. जुळला नाही तर आधी शेवटची स्पेस किंवा नवी ओळ चिकटली नाही ना ते बघा. तेवढ्यानेही अख्खा हॅश बदलतो.

दाभोळी:
आणि ९७%चा अर्थ पोरांना सांगा. युरोपियन रूलेटच्या चाकाला ३७ खाने. प्रत्येकावर एक रुपया लावलात तर परत येतात ३६. म्हणजे ९७.३%, एकदम प्रामाणिक. जे परत येईल तेच पुन्हा लावत २५ वेळा फिरवलं की सरासरीने निम्मी उरते. शिक्को खरो असलो तरी कॅसिनोवालो पोट भरूकच बसलेलो आसा.

रेडीकर:
ज्यांचे पैसे आत अडकलेत त्यांनी काय करायचं?

मांडवीकाठ:
आरएनजीच्या प्रमाणपत्राचा पैसे काढण्याशी काही संबंध नाही. ‘आधी टॅक्स भरा, मग रक्कम सोडतो’ म्हणाले तर एक रुपयाही भरू नका. व्यवहाराचा यूटीआर नंबर, समोरचा यूपीआय आयडी आणि चॅटचे स्क्रीनशॉट घेऊन लगेच १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनला फोन करा, बँकेलाही कळवा. २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात शिक्षा चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही, तेव्हा तक्रारीला घाबरू नये. स्टेटसवरून मात्र ती लिंक आजच काढायला सांगा.