मदत हवी आहे: पानांवरचे जिवाणू फिनॉल खातात हे साध्या लॅबमध्ये कसं सिद्ध करू?

नमस्कार मंडळी,

एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्टमध्ये अडकलेय. विषय आहे पानांच्या पृष्ठभागावर राहून प्रदूषक फस्त करणारे जिवाणू. आमच्याकडे सगळे मातीच्या मागे लागतात. पानाच्या एका चौरस सेंटीमीटरवर दहा लाख ते एक कोटी जिवाणू असू शकतात, तिकडे कुणी बघत नाही.

हायवेच्या दुभाजकातल्या कण्हेरीची पानं आणली (हातमोजे घालून, चीक विषारी असतो). ती सलाइनमध्ये हलवून ते पाणी बुशनेल-हास अगारवर (नुसते क्षार, कार्बनचं खाद्य नसलेलं माध्यम) पसरलं. कार्बन म्हणून फक्त फिनॉल, हेच माझं प्रदूषक. काही कॉलन्या पांढुरक्या आणि चिकट आल्या, काही चक्क गुलाबी. पण फिनॉल न घातलेल्या कंट्रोल प्लेटवरही टाचणीच्या टोकाएवढ्या गुलाबी कॉलन्या आहेतच! मिथायलोबॅक्टेरियम असाव्यात, ते पानांतून निघणाऱ्या मिथेनॉलवर जगतात. पण प्लेटवर त्यांना खायला काय मिळालं?

दुसरी अडचण मोठी आहे. पुढे बंद बरणीत पानांना फिनॉलची वाफ देऊन ते किती घटतं हे मोजायचंय. सर म्हणतात, बरणीतलं फिनॉल कमी झालं तरी ते जिवाणूंनीच खाल्लं कशावरून? पानाच्या मेणात मुरलं असेल, नाहीतर झाडानेच पचवलं असेल. २००७ साली अमेरिकेत ग्रीन अ‍ॅशच्या पानांवर हे दाखवलं गेलंय, पण किरणोत्सारी कार्बन असलेलं फिनॉल वापरून, म्हणजे ते कुठे गेलं याचा माग काढता येतो. आमच्याकडे कलरीमीटर, शेकर आणि मूड असेल तेव्हा चालणारा इनक्युबेटर. काय करता येईल?

प्रतिसाद (जुनाखोड)

कंट्रोलचं टेन्शन घेऊ नकोस. साध्या अगारमध्येच इतकी सेंद्रिय भेसळ असते की अर्धपोटी जगणाऱ्यांचं त्यावर भागतं. संशयित कॉलन्या द्रव मीडियात फिनॉलसह आणि फिनॉलशिवाय वाढव, फरक तिथे दिसेल.

शिवाय कॉलन्यांवर कॅटेकॉलचं द्रावण फवार. फिनॉल मोडताना आधी कॅटेकॉल बनतं. पुढे त्याचं कार्बनचं वलय दोनपैकी एका मार्गाने फुटतं, मेटा किंवा ऑर्थो. मेटा मार्गाने फुटत असेल तर कॉलनी पिवळीधमक होते. मिनिटाभरात बघायचं, नंतर कॅटेकॉल हवेनेच तपकिरी पडतं. पिवळी झाली नाही म्हणून लगेच बाद करू नकोस, ऑर्थो मार्गाने जाणाऱ्यांत रंग येत नाही.

प्रतिसाद (मूळ धागाकर्ती)

धन्यवाद दादा! कॅटेकॉल स्टोअरमध्ये आहे. पण सरांच्या प्रश्नाचं काय?

प्रतिसाद (जुनाखोड)

कण्हेर सोड. ब्लीच लावून तिची पानं निर्जंतुक करायला गेलीस तर मेणाचा थरही खराब होतो, मग तुलना कशाची? त्यापेक्षा मुगाचं बी वरून निर्जंतुक करून बंद बरण्यांत रोपं वाढव. एका गटाच्या पानांवर तुझे जिवंत जिवाणू, दुसऱ्यावर तेच ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेने) मारलेले. फिनॉलची वाफ दोघांना सारखीच. मेण आणि झाड दोन्हीकडे तेच, मग फरक पडला तर जिवाणूंमुळे. रिकामी बरणीही ठेव, गळती कळेल.

शेवटी बरणीत सौम्य कॉस्टिक सोडा घालून घुसळ, वाफेतलं फिनॉल त्यात उतरतं. रोपंही त्यातच वाट. मग ४-अमिनोअँटिपायरिन या फिनॉलशी रंग देणाऱ्या रसायनाने लाल रंग आणून कलरीमीटरवर मोज. फक्त एक ध्यानात ठेव, झाडांची स्वतःची फिनॉलिक द्रव्यंही हा रंग देऊ शकतात. म्हणून फिनॉल न दिलेल्या रोपांचा ब्लँक (वजा करायचं मूळ रीडिंग) हवाच, तुझे सर पहिलं तेच विचारतील.