व्हायोलिन शिकवणाऱ्याने फुकट शिकवावं का?

पर्वरीकर
मूळचे आम्ही कोल्हापूरचे, नोकरीमुळे सहा वर्षं गोव्यात आहोत. लेक नऊ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिला जवळच्या एका म्युझिक स्कूलमध्ये व्हायोलिनला घातलं. नाव देत नाही, कारण माणसं चांगली आहेत आणि माझं भांडण त्यांच्याशी नाहीये. एका शाळेच्या दोन खोल्या संध्याकाळी वापरायला मिळतात, फी महिना तीनशे, ज्यांना तेही जमत नाही त्यांना माफ, व्हायोलिन संस्थेचंच. बॅचला बारा पोरं, मासळी विकणाऱ्या बाईंची मुलगी आणि बँक मॅनेजरचा मुलगा एकाच स्टँडवरचं पान बघून वाजवतात. हे सगळं मला मनापासून आवडतं.

अडचण शिक्षकांची. दोन वर्षांत हे तिसरे. पहिली युरोपातून आलेली मुलगी, पाच महिने व्हॉलंटियर म्हणून, फार गोड शिकवायची, व्हिसा संपला, गेली. मग एक सर आले, ते लग्नात वाजवतात, सीझन सुरू झाला की दांडी. त्यांना दोष नाही देत, मानधन इतकं तुटपुंजं होतं की मीही तेच केलं असतं. आता तिथलाच एक जुना विद्यार्थी शिकवतो, सतरा वर्षांचा. आणि प्रत्येकाने हिचा गज (तारांवर फिरवायची काडी, बो) धरायचा हात बदलला. पहिलीने करंगळी गोल करून काडीवर टेकवायला शिकवली, सर म्हणाले करंगळीचे लाड नकोत आधी आवाज काढ, आता हा मुलगा परत तिसरंच सांगतो. परवा पोरगी विचारते, बाबा नक्की कुठला हात खरा?

मागच्या रविवारी मीटिंग झाली. कमिटी म्हणते फी नऊशे करू, माफी चालूच राहील, आणि एक नीट शिकलेला शिक्षक पगारावर ठेवू. अर्धी सभा अंगावर आली. 'मग आपल्यात आणि क्लासवाल्यांत फरक काय' पासून 'संगीत ही सेवा आहे' पर्यंत. मी पगाराच्या बाजूने बोललो तर 'तुम्हाला परवडतं हो' ऐकायला मिळालं. तुमचं काय मत?

निगडीकर
स्पष्ट बोलतो, राग नको. तुमचा प्रश्न शिक्षकाचा नाही, तुमच्या पोरीच्या प्रगतीचा आहे, आणि तिच्यासाठी तुम्ही बाकीच्यांची फी तिप्पट करायला निघालात. व्हेनेझुएलात 1975 साली आब्रेऊंनी एल सिस्तेमा, म्हणजे मुलांना ऑर्केस्ट्रातून संगीत शिकवायची चळवळ, सुरू केलं ते असंच, कराकसमध्ये मूठभर मुलं घेऊन. तिथे तर मोठ्या पोराने लहान पोराला शिकवायचं हीच रीत आहे, आज चार सूर आले की उद्या ते चार सूर दुसऱ्याला द्यायचे. त्यातूनच दुदामेल हा ऑर्केस्ट्रा कंडक्टर आला आणि 2009 ला लॉस एंजेलिसच्या ऑर्केस्ट्राचा म्युझिक डायरेक्टर झाला. करंगळी कुठे टेकते यावर काही अडलं नाही त्याचं.

आणि ती 'माफी चालूच राहील' ही सगळ्यात मोठी थाप आहे. फी तीनशे असते तेव्हा गरिबाची आई कसेतरी भरते आणि मान वर करून बसते. नऊशे झाली की तिला अर्ज द्यावा लागतो. ती अर्ज देत नाही, पोराला पाठवणं बंद करते, कारण विचारलं तर म्हणते अभ्यास वाढलाय. हे मी आमच्याकडे एका तबल्याच्या क्लासात डोळ्यांनी बघितलंय.

गजवाला_बोरिवली
बावीस वर्षं व्हायोलिन शिकवतोय, त्यामुळे थोडं मोठं लिहितो.

निगडीकर, एल सिस्तेमाचं उदाहरण सगळे देतात पण अर्धंच. आब्रेऊ स्वतः अर्थतज्ज्ञ होते, आणि ते सगळं सरकारी पैशावर उभं राहिलं. मोठी पोरं शिकवायची हे खरं, पण त्यांच्यामागे संस्था होती, वाद्यं होती, वर शिकवणारी माणसं होती. इथे तुम्ही काय करताय, तर सतरा वर्षांच्या पोराला बारा मुलांसमोर उभं करून त्याला कम्युनिटी म्हणताय.

आता हात. पेटीची पट्टी दाबली की सूर येतो, कुणीही दाबा. व्हायोलिनला पडदे नाहीत, बोट केसभर सरकलं की बेसूर, आणि गज हा तर वेगळाच प्राणी आहे. पहिली दीड-दोन वर्षं गाणी शिकायची नसतातच खरं तर, हात बसवायचे असतात. डावं मनगट आत पडून ताट धरल्यासारखं झालं, उजवा अंगठा ताठ राहिला, खांदा कानाला लागला, हे सुरुवातीला दर आठवड्याला कुणीतरी सरळ करावं लागतं. नाही केलं तर दहाव्या वर्षी कळत नाही, पंधराव्या वर्षी मान दुखते, हात पुढे जात नाही आणि पोरगं वाद्य माळ्यावर टाकतं. चुकीचा बसलेला हात उतरवायला नवा बसवण्याच्या दुप्पट वेळ लागतो. माझ्याकडे असे कितीतरी येतात.

आणि बारा मुलं म्हणजे काय माहितीये? बारा गुणिले चार, अठ्ठेचाळीस तारा. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, एसीत ठेवलं की सुटतात. पाऊण तासाच्या क्लासात वीस मिनिटं नुसतं ट्यूनिंग. ज्याला हे झटपट जमतं त्याने ते शिकण्यात आयुष्य घातलेलं असतं. त्याला 'सेवा' म्हणून बोलावता, घरचा प्लंबर आला की त्यालाही सेवा म्हणता का?

सुरताल_ताई
धाग्यात सगळे उभं राहूनच वाजवताय म्हणून मी बसून लिहिते. आमच्याकडे हिंदुस्थानी पद्धतीत मांडी घालून, वाद्याचं डोकं उजव्या पावलावर. हाताचा प्रश्न मात्र तोच. व्हायोलिनवादक एन. राजम यांचंच बघा, घरी वडिलांनी लहानपणी कर्नाटकी पद्धतीने हात तयार केला, पुढे त्या गायक ओंकारनाथ ठाकुरांकडे गेल्या आणि गायकी अंगाचं, म्हणजे गळ्यातून गावं तसं, वाजवणं घडलं. म्हणजे गुरू बदलला म्हणून वाटोळं होत नाही, पण हात बसल्यावर बदलला तर. सात-आठ वर्षांच्या मुलाचा पाच-पाच महिन्यांनी नाही.

फुकटाबद्दल एक सांगू का? माझ्या गुरुजींनी कधी फी घेतली नाही. पण दळण मी आणलंय, रेशनच्या रांगेत मी उभी राहिलेय, आणि काकूंना बरं नव्हतं तेव्हा दोन महिने पोळ्या पण लाटल्यात. तेव्हा फुकट असं काही नसतं, बिल वेगळ्या खिडकीत भरावं लागतं.

एडिसनवरून
न्यू जर्सीत माझा मुलगा चौथीत आहे, सरकारी शाळेतच स्ट्रिंग्ज (व्हायोलिनसारखी तारवाद्यं) शिकतो, शिक्षिका शाळेच्या पगारावर, वाद्य आम्ही दुकानातून वर्षभराच्या भाड्याने घेतलंय. कुणी सेवा वगैरे म्हणत नाही. बजेट कापायची वेळ आली की पहिली कात्री संगीतावरच येते ही भीती मात्र इथेही असतेच.

निगडीकर
तुम्ही प्रॉपर्टी टॅक्स भरता हो. पर्वरीच्या त्या दोन खोल्यांचं तसं आहे का?

म्हापशेचो
गोव्याचा विषय निघाला म्हणून. इथे पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांत मुलांना सोल्फा (पाश्चात्त्य सा-रे-ग-म) आणि व्हायोलिन शिकवायचे, आणि मुलांना ते फुकट होतं. पण शिकवणारा मास्तर फुकट नव्हता, त्याला चर्चकडून पैसे मिळायचे, गावात मान होता, पिढ्यानपिढ्या तेच घर शिकवायचं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस अशाच घरातले, वडील चर्चच्या क्वायरचे मास्तर. तोच मुलगा मुंबईला जाऊन सिनेमात व्हायोलिन वाजवायला लागला आणि त्याने प्यारेलालना शिकवलं. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'त बच्चन जे नाव सांगत अंड्यातून बाहेर येतो ते प्यारेलालनी आपल्या ह्याच सरांसाठी घातलं.

मुलाला फुकट आणि मास्तरला फुकट ह्या दोन वेगळ्या गोष्टी, तुमच्या मीटिंगमध्ये दोन्हीचा काला झालेला दिसतोय.

नऊवारी_नोट्स
मला पालकांनाच दोन शब्द सुनवायचेत. सुझुकी या जपानी शिक्षकाच्या व्हायोलिन शिकवायच्या पद्धतीत आई किंवा बाबा क्लासात बसतात, वही घेऊन, आणि घरी रोज तेच सराव घेतात. कित्येकदा आधी पालकालाच व्हायोलिन धरायला लावतात. आठवड्यातला पाऊण तास सर, बाकीचे सहा दिवस तुम्ही. आमच्या क्लासबाहेर मात्र निम्मे बाप कारमध्ये बसून रील्स बघत असतात आणि मग शिक्षकाने हात बिघडवला म्हणून तक्रार.

निगडीकर
ताई, मासळीवाल्या बाई संध्याकाळी पाचला वही घेऊन बसणार? तीच तर धंद्याची वेळ. ही पद्धत ज्यांच्या घरी एक माणूस रिकामं आहे त्यांची आहे.

नऊवारी_नोट्स
हे मात्र कबूल. पण कारमधल्या बापांना हे कारण लागू नाही.

तिसरी_बोटं
हा धागा आईने दाखवला. पर्वरीकर काकांच्या स्कूलमधला मी नाही, पण मीही सतराचा आहे आणि मडगावजवळ असंच शिकवतो. महिन्याला दीड हजार मिळतात, पेट्रोलमध्ये जातात.

दोन्ही बाजू खऱ्या वाटतात म्हणून गोंधळलोय. माझी ग्रेड फाइव्हची व्हायोलिन परीक्षा झालीय, माझा स्वतःचाच अंगठा अजून ताठ होतो हे मला माहितीये, आणि मला वाजवायला शिकवलं, शिकवायला कुणी नाही शिकवलं. पहिल्या दिवशी चावी हातात दिली आणि सांगितलं ही बॅच तुझी. एक मुलगी डावरी होती, तिला गज कुठल्या हातात द्यायचा हे मी क्लासच्या मध्येच बाहेर जाऊन मोबाईलवर शोधलं. (उजव्याच हातात, जवळजवळ सगळे तसंच शिकवतात.)

पण एक गोष्ट मला सरांपेक्षा चांगली जमते. ट्विंकल वाजवताना लहान मुलं ज्या ठिकाणी अडकतात तिथे मी नऊ-दहा वर्षांपूर्वीच अडकलो होतो, मला आठवतं कसं सुटलो ते. सरांना चाळीस वर्षांपूर्वीचं कुठून आठवणार. म्हणून पगारी सर आणा, पण आमच्यासारख्यांना काढू नका, शेजारी उभं करा. मलापण कुणीतरी माझा अंगठा बघायला हवाय.

गजवाला_बोरिवली
पोरा, तुझ्या ह्या एका पोस्टसाठी माझी वरची अर्धी पोस्ट मागे घेतो. अंगठ्याचं असं कर, गज सोडून दे, पेन्सिल धर, टीव्ही बघताना रोज पाच मिनिटं, अंगठा बाहेरच्या बाजूला वाकलेला राहू दे. महिनाभराने सांग.

पर्वरीकर
सगळ्यांचे आभार. कला अकादमीत का नाही घालत असं दोघांनी मेसेजमध्ये विचारलं, तर दोघंही नोकरी करतो, पाचला पणजीत पोचवणं होत नाही. आणि खरं सांगायचं तर पोरीला इथल्या मैत्रिणी सोडायच्या नाहीत.

पुढच्या रविवारी मी असं मांडणार आहे. ज्यांना जमतं त्यांनी नऊशे किंवा जास्त, ज्यांना नाही त्यांनी तीनशेच, अर्ज नाही, यादी फक्त खजिनदार बाईंकडे. सर आठवड्यातून दोन दिवस पगारावर, तो मुलगा त्यांच्याबरोबर, त्याचंही मानधन वाढवून.

निगडीकर
अर्ज नसेल तर माझा विरोध निम्मा कमी. पण गावात कोण कार घेऊन येतं आणि कोण चालत हे सगळ्यांना दिसतं, यादी गुप्त ठेवून काय होणार. आणि जमेल तेवढं द्या म्हटलं की बँक मॅनेजरच तीनशे देईल बघा. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

पर्वरीकर
हाहा, तो मॅनेजर मीच आहे. वर लिहिलेला मुलगा माझ्या लेकीचा मोठा भाऊ. देईन हो नऊशे.

अवांतर: काल क्लासात लेकीची ई तार (चारांतली सगळ्यात बारीक) तुटली, संस्थेकडे स्पेअर नव्हती. त्या सतरा वर्षांच्या मुलाने स्वतःच्या व्हायोलिनची काढून हिच्या हाफ साईझला (लहान मुलांचं छोटं व्हायोलिन) लावून दिली आणि स्वतः बाकीचा तास तीन तारांवर शिकवला.

गजवाला_बोरिवली
फुल साईझची तार हाफवर फार दिवस ठेवू नका, लांबीला जास्त पडते, आवाज पिचका येईल. त्याची त्याला परत द्या. माझ्याकडे हाफच्या दोन ई पडून आहेत, पत्ता मेसेज करा, उद्या कुरिअर करतो.