आप्पा बेलवलकर करायचाय, श्रीराम लागूंचं काम कुठून बघू?

केळशीची होडी
नमस्कार मंडळी, दापोली तालुक्यातलं गाव आमचं, दरवर्षी देवीच्या उत्सवात गावातल्याच पोरांचं नाटक असतं. यंदा नटसम्राटमधले दोन प्रवेश घेतलेत नि त्यातला म्हातारा नट आप्पा माझ्या गळ्यात मारलाय. मी बघितलाय तो २०१६चा नानाचा सिनेमा, त्यामुळे तालमीत तोंड उघडलं की नानाच बाहेर पडतो आणि तालीम घेणारे अण्णा कपाळाला हात लावतात, म्हणतात मेल्या आधी लागू बघ. पण बघू कुठे? नाटक आलं १९७०ला, माझा जन्म ९६चा. आणि वय २९, म्हातारा वाटणार कसा?

डोंबिवलीचा चाकरमानी
वयाचं टेन्शन सोड. पहिल्या प्रयोगाला लागू स्वतः ४३ वर्षांचे होते, कान-नाक-घशाची प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ नाटकात येऊन वर्षच झालेलं. (तिकडे आपल्या चिपळूणचे घाणेकर दातांचे डॉक्टर, म्हणजे तेव्हा रंगभूमीवर अख्खा दवाखानाच होता 😄)
लागूंचा सामना सिनेमा बघ. त्यात ते दारुडा मास्तर झालेत, तो मारुती कांबळेचं काय झालं एवढंच विचारत राहतो, आणि समोर निळूभाऊ फुल्यांचा साखरसम्राट हिंदूराव, ज्याच्या शब्दाबाहेर गावात कोणी नाही. मास्तर कुठे ओरडतो, कुठे नुसता बघत बसतो ते नीट बघ, मी तर दोनदा मागे घेऊन बघितलं. मग पिंजरा, १९७२चा, तिथेही मास्तरच पण पार वेगळा. सिंहासन नंतर बघितलास तरी चालेल.

हर्णै बंदर
दापोलीकर असून हिमालयाची सावली कोणी काढलं नाही?? कानेटकरांचं नाटक, त्यातले प्रोफेसर भानू बेतलेत आपल्या मुरूडच्या महर्षी (अण्णा) कर्व्यांवर, आणि ते केले होते लागूंनी. पुढच्या वर्षी तेच घ्या.

जुना प्रॉम्प्टर
सिनेमे बघ, पण नक्कल करू नकोस. नानाची काढून लागूंची चिकटवलीस तर फायदा काय? लागूंनंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त सगळ्यांनी आप्पा केला, प्रत्येकाचा वेगळा. आणि सिनेमात कॅमेरा तोंडाजवळ येतो, तुमच्या मंडपात शेवटच्या रांगेतल्या आजीला तुझा डोळा दिसणारे का? तिला शब्द पोचायला हवा. माईक बंद ठेवून तालीम कर, वाक्याचं शेवटचं अक्षर गिळतोस का ते लगेच कळेल. शिवाय लमाण वाच, लागूंचं आत्मचरित्र, तालमीचं बरंच सापडेल त्यात.

केळशीची होडी
सामना बघितला रात्री, झोपलो दोनला. आज माईक बंद केला तर अर्धी वाक्यं मीच गिळत होतो, खरंच. अण्णांनी चारदाच थांबवलं, एरवी चाळीसदा. पण आता कावेरी, म्हणजे आप्पाची बायको, करणाऱ्या वहिनींचा घसा बसलाय आणि उत्सव नऊ दिवसांवर. दापोलीत कोणी कान-नाक-घसावाला आहे का ओळखीचा?