मदत हवी आहे: कराटे की तायक्वांदो? शनिवारी नाव घालायचंय

हिशोबनीस
नमस्कार. स्वसंरक्षण शिकायचंय, अगदी पहिल्यापासून. इथे कराटे आणि तायक्वांदो असे दोन क्लास आहेत, दोन्ही शनिवारीच. यातलं लवकर काय येतं? महिन्याभरात उपयोगी पडेल असं हवंय. आत्मविश्वास वाढवा, प्राणायाम करा, आरशासमोर उभं राहून बोला असले सल्ले कृपया नकोत, यूट्यूबवर पुष्कळ ऐकून झालेत. शनिवारी सकाळी नाव घालायचंय, त्याआधी सांगा.

काळापट्टा
कराटे. विचारायचं कामच नाही. चौदा वर्षं करतोय म्हणून सांगतो. तायक्वांदो म्हणजे सगळा लाथांचा मामला, गुण मिळवायला ठीक. कराट्यात हात, कोपर, गुडघा सगळं येतं.

लाथाळी
गुणांचा खेळ म्हणे! तायक्वांदो २००० च्या सिडनीपासून ऑलिंपिकमध्ये पदकाचा खेळ आहे. कराटे एकदाच आलं, टोकियोला, आणि पॅरिसला वगळलं. का वगळलं असेल बरं?

काळापट्टा
ऑलिंपिकचा आणि अंधारात कोणी गाठलं त्याचा काय संबंध?

लाथाळी
काही नाही. गुणांचा विषय तुम्हीच काढलात.

रानभूल
दोघंही जरा दम खा. हिशोबनीस, ताई की दादा? वय काय, गाव कुठलं, पाठ-गुडघे धड आहेत का? आणि महिन्याभरातच का? काही झालंय का?

हिशोबनीस
ताई. ४६. हर्णै. डावा गुडघा उतरताना दुखतो, चढताना नाही. क्लास दोन्ही दापोलीला. बाकी विशेष काही नाही. कुठला ते सांगा ना.

कुडाळचो बाबलो
बाये, कराटे-बिराटे ऱ्हवांदे. हातात एक बरी काठी घी. माझी आजी काठी घेतल्याशिवाय भायर पडी नाय. कुत्रे सोड, माणसांय वाट सोडीत.

उकडीचा मोदक
काठीवरून आठवलं. दांडपट्टा आपलं राज्यशस्त्र झालंय, २०२४ च्या शिवजयंतीला जाहीर केलं. आपल्याच मातीतली मर्दानी खेळांची परंपरा सोडून जपान-कोरियाच्या मागे कशाला लागायचं? कोल्हापुरात मुली काय सुंदर फिरवतात!

रानभूल
मोदकराव, ताईंनी दांडपट्टा घेऊन भाजी आणायला जायचं का?

उकडीचा मोदक
मी तत्त्वाचं बोललो.

सागरवारा
एवढी चर्चा कशाला? मिरचीचा स्प्रे घ्या, ऑनलाइन मिळतो, परवाना लागत नाही. पर्समध्ये टाकायचा की झालं.

खारवी
नावात सागरवारा आणि हे सांगताय? संध्याकाळी बंदराच्या रस्त्यानं समुद्राकडे तोंड करून कधी चालला आहात का? वारा समोरून. मारलेला फवारा निम्मा आपल्याच डोळ्यांत. माझ्या मेहुण्यानं अंगणात गंमत म्हणून मारून बघितला, घरातली सगळी माणसं अर्धा तास नळाखाली. घ्यायचाच तर वाऱ्याकडे पाठ हवी आणि हातात हवा. पर्सच्या तळाला, चाव्या आणि गोळ्यांच्या पाकिटाखाली ठेवलेला स्प्रे म्हणजे नसल्यातच जमा. वर मुदत संपते ती वेगळीच.

बारक्या
कोयती ठेव पिशवीत. विषय संपला.

वकिलीण नाही पण
बारक्या, असलं काही लिहू नका. ती कोयती हिसकावून घेतली तर ती त्याच्या हातात. शिवाय कायद्यानं आपल्याला शरीराचा आणि मालमत्तेचाही बचाव करायचा हक्क दिलाय. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ बघा, जुन्या भारतीय दंड संहितेत ते ९६ ते १०६ होतं. १ जुलै २०२४ पासून नवे आकडे लागू झाले. पण तो हक्क गरजेपुरताच. माणूस हात सोडून पळायला लागला की मागून वार करायची मुभा त्यात नाही. ताई, ११२ हा नंबर पाठ आहे ना?

रानभूल
हिशोबनीस, 'विशेष काही नाही' म्हणजे काय? ४६ व्या वर्षी दुखऱ्या गुडघ्यानं हर्णैहून दापोलीला जाऊन महिन्याभरात शिकायचंय, यात काहीतरी विशेष आहेच.

हिशोबनीस
बरं. सांगितल्याशिवाय उत्तर मिळणार नाही असं दिसतंय.

मी पतपेढीची पिग्मी, म्हणजे लोकांची रोजची थोडी थोडी बचत, गोळा करते. बंदरावर संध्याकाळचा लिलाव उरकला की मासेवाल्या बायकांच्या हातात पैसे येतात, तीच माझी वेळ. आधी गेलं तर उधार, नंतर गेलं तर संपलेले. मग पाखाडीनं वर घरी. चिऱ्याच्या पायऱ्या, दोन्हीकडे गडगा, खांबावरचा दिवा गणपतीपासून गेलेला. गेल्या मंगळवारी पावणेसातला एकजण वरून उतरत होता. किती वाजले विचारलं. मी घड्याळ बघायला हात वर केला तर मनगटच धरलं, पिशवीवाल्या हाताचं. पिशवीत अकरा हजार तीनशे होते. वरच्या घरातल्या काकींनी भांड्याचं पाणी टाकायला दार उघडलं, उजेड पडला, तो सोडून पळाला. पैसे गेले नाहीत.

टोचतंय ते वेगळंच. मला ओरडायचं होतं. घशातून नुसती फुसफुस आली. बंदरावर वीस वर्षं बायकांशी हुज्जत घालते मी, आणि तेव्हा आवाज नाही.

सध्या भाचा सोबत येतो, महिनाअखेरीला तो मुंबईला परत जाईल. म्हणून महिना. घरी सांगितलेलं नाही, सांगितलं तर काम सोड म्हणतील. आता सांगा, कराटे की तायक्वांदो?

कुडाळचो बाबलो
अगो बाय माझे. आधी सांगूक नको होता? काठी घीच घी.

व्याजदर
पिग्मी म्हटलं म्हणून विचारतो, तुमच्या पतपेढीत सध्या किती टक्के देतात? ही योजना मूळ उडुपीची, १९२८ ची. पुढे जी सिंडिकेट बँक झाली तिनं विणकर-कारागिरांसाठी रोज दोन आण्यांपासून सुरू केली होती. ती बँक २०२० मध्ये कॅनरात विलीन झाली. आता मोबाइलवरून रोज भरता येतं तरी लोक एजंटच मागतात, याचं कारण काय असावं?

खारवी
कारण एजंट दारात येऊन बसते, 'काल का नाही दिलेस' विचारते. अ‍ॅप विचारत नाही. पण हा धागा त्याचा नाही हो.

रानभूल
ताई, बरं केलंत सांगितलंत. मी सहा वर्षं ज्युदो केलं (हो, माझंही एक घोडं आहे), तरी सांगते की महिन्याभरात तुम्हाला ज्युदो, कराटे, तायक्वांदो यातलं काहीच येणार नाही. पहिला महिना उभं कसं राहायचं आणि पडायचं कसं यातच जातो. पडायला जरूर शिका, पायऱ्यांवर तेच लागेल. मात्र मनगट सोडवणं एका दुपारी येतं. भाच्याला धरायला सांगा.

तो धरेल तेव्हा बघा, त्याची चार बोटं एका बाजूला आणि अंगठा एकटा दुसऱ्या बाजूला. अंगठा बोटांना टेकतो तिथे पकड सगळ्यात कच्ची. आपण घाबरून हात सरळ मागे ओढतो, म्हणजे चार बोटांशी भांडतो. तसं नाही. मूठ घट्ट करा, मनगटाची पातळ कड त्या फटीकडे वळवा, आणि एक पाऊल त्याच्याच दिशेनं टाकत कोपर त्याच्या पोटाकडे न्या. हात आपोआप अंगठ्याच्या बाजूनं निसटतो. जोर लागत नाही, वळण लागतं. त्यानं दोन्ही हातांनी धरलं तर आपल्या मोकळ्या हातानं आपलीच मूठ पकडून वर ओढायची. रोज वीस-वीस वेळा, पिशवी हातात घेऊन. पहिले दोन दिवस भाचा हसेल.

काळापट्टा
हेच कराट्यात पहिल्या महिन्यात शिकवतात.

लाथाळी
आमच्याकडेही.

रानभूल
मग दोघं आत्तापर्यंत ऑलिंपिकवर का बोलत होतात?

वकिलीण नाही पण
पैशांचं सांगते, राग मानू नका. पिशवी सोडायची. लांब फेकायची आणि उलट्या दिशेला पळायचं.

हिशोबनीस
बोलायला सोपं. पावती फाडलेली असते. गेलेले पैसे मला भरावे लागतात, कमिशनमधून. अकरा हजार म्हणजे माझे दोन महिने.

खारवी
मग पिशवीत सगळे ठेवायचेच नाहीत. मी बोटीचा हिशोब घेऊन यायचो तेव्हा मोठ्या नोटा कमरेला, सुटे पिशवीत. आणि रोज एकच वेळ, एकच पाखाडी हे बदला. त्यानं घड्याळ विचारलं, पण तुमची वेळ त्याला आधीच ठाऊक असणार. दोन दिवस मोठ्या रस्त्यानं जा, दहा मिनिटं जास्त लागतील. दिव्यासाठी ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या आणि पोहोच घ्या, तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं.

वकिलीण नाही पण
खारवींशी सहमत. त्यासोबत पोलिसांतही लेखी द्या, चेहरा दिसला नसला तरी. उद्या दुसऱ्या कोणाला गाठलं तर तुमच्या अर्जाला किंमत येईल. आणि घरी सांगा. ते तिकडून ऐकतील त्यापेक्षा तुमच्याकडून बरं.

माजघर
आवाजाबद्दल कोणीच बोललं नाही. माझंही असंच झालं होतं, एसटीत. भीतीनं श्वास छातीतच अडकतो, आणि श्वासच सुटला नाही तर आवाज कुठून यायचा? मला शिकवणाऱ्या बाईंनी आधी श्वास सोडायला शिकवलं, पोटातून, 'हं' करून. मग एकच शब्द ठरवायचा. 'वाचवा' नको, त्यात जीभ अडखळते. मी 'ए!' घेतला. हात छातीसमोर, तळवे बाहेर, 'ए! लांब हो!' आणि नजर त्याच्यावर. लांबून बघणाऱ्यालाही कळतं की बाई नको म्हणतेय. घरात लाज वाटते, म्हणून मी किनाऱ्यावर जाऊन लाटांवर ओरडायचे. नवरा म्हणाला हिला लागीर झालं.

उकडीचा मोदक
कराट्यातली ती किआई, वार करताना ओरडतात ती, म्हणजे हेच ना?

काळापट्टा
हेच! शेवटी कराट्यावरच आलात!

हिशोबनीस
शनिवारी कराट्याला जाऊन आले. तायक्वांदोचे सर बाहेरगावी होते म्हणून कराटे, कोणी जिंकलंबिंकलं नाही. बाकी सगळी सातवी-आठवीतली पोरं, एकीनं मला 'आजी, तुमचं कोण आहे क्लासला?' विचारलं. सर चांगले आहेत, गुडघ्यामुळे खाली बसायला लावलं नाही. मनगटाचं भाच्यासोबत रोज चालू आहे, परवापासून त्याला खरंच धरून ठेवता येत नाही. घरी सांगितलं. दोन दिवस अबोला होता. आता ते स्कूटर घेऊन पाखाडीच्या तोंडाशी उभे राहतात, मला नकोय तरी. दिव्याचा अर्ज दिला, पोहोच घेतली. पोलिसांत अजून नाही, सोमवारी जाते.

ओरडण्याचं मात्र घरी जमेना. बंदरावर एका खातेदार बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, फुसफुसतेस काय, इथे ओरडायला शीक, आणि मला लिलावात पुढे ढकललं. टोपलीभोवती तीसेक माणसं, सगळी एकदम बोलतायत. मी डोळे मिटून पोटातून एक आकडा ओरडले. एवढा मोठा निघाला की लिलाववाला दचकला. पुढे कोणी बोललंच नाही. आता बांगड्याची अख्खी टोपली माझ्या गळ्यात आहे. घरात माणसं तीन. सुकवायचा तर मीठ किती घालतात?

कुडाळचो बाबलो
चार बांगड्यांक एक मूठ. पोट फाडून, नीट धुवन. आणि कितीक पडलो तो सांग आधी.