आई-बाबांनी अमेरिकेत उतरावं कुठे? घराजवळ, की थेट विमान जातं तिथे?

सायली, गंगापूर रोड
माझे सासू-सासरे पहिल्यांदाच परदेशी निघालेत, फिलाडेल्फियाला नणंदेकडे. नणंद म्हणते, दोहामार्गे फिलाडेल्फियालाच उतरा, विमानतळ घराजवळ आहे. माझं मत नेमकं उलट. मुंबईहून थेट नेवार्कला जावं आणि जावयांनी तिथून गाडीने न्यावं. अंतर साधारण १३० किलोमीटर, म्हणजे नाशिक-मुंबईपेक्षा कमीच. विमानतळ गावात नसणं आपल्याला काही नवीन नाही.

वयस्कर माणूस अंतराने थकत नाही. दर वेळी नव्याने रांगेत उभं राहावं लागतं, त्याने थकतो. दोह्यात पुन्हा सुरक्षा तपासणी, पुन्हा गेट शोधणं, त्यात ऐनवेळी गेट बदललं तर धावपळ. सासूबाईंना इंग्रजी वाचता येतं, पण भोंग्यावरची घोषणा कळत नाही. थेट विमानात एकदा बसलं की उतरायचं ते जावई बाहेर उभे असतील तिथेच. विमानतळ निवडताना नकाशावरचं अंतर बघू नये, मधे किती वेळा एकटं पडावं लागतं ते बघावं. तुम्हाला काय वाटतं?

गोदाकाठ
सायलीताई, अजिबात पटलं नाही. थेट विमान म्हणजे पंधरा-सोळा तास एका खुर्चीत. सत्तरीच्या पायांचा विचार करा. इतका वेळ बसून पायांना सूज येते, रक्ताच्या गाठीचा धोकाही वाढतो. शिवाय एवढ्या प्रवासानंतर लगेच दीड-दोन तास गाडीत? घराजवळचा विमानतळ तो घराजवळचाच. नणंदबाई बरोबर आहेत.

सायली, गंगापूर रोड
दोहा ते फिलाडेल्फिया हेही चौदा तासांच्या आसपास आहे दादा. सोळाऐवजी चौदा, यात गुडघ्यांना काय आराम मिळाला? आणि २३ जून २०२५ ला कतारने आपली हवाई हद्द अचानक बंद केली, तेव्हा काय गोंधळ झाला ते सगळ्यांनी पाहिलं. तशा वेळी सासरे परक्या विमानतळावर कुणाला विचारत बसणार?

गोदाकाठ
मग लंडनमार्गे पाठवा. मुंबई-लंडन नऊ-दहा तास, लंडन-फिलाडेल्फिया आठेक तास. प्रवासाचे खरोखर दोन सारखे भाग होतात. अमेरिकेचा व्हिसा असला की तिथे विमान बदलण्यासाठी वेगळ्या व्हिसातून सहसा सूट मिळते, तरी तिकिटाआधी नियम वाचून घ्या. आणि एकटं पडायची भीती असेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा. माणूस येतो, एका गेटवरून दुसऱ्या गेटवर नेतो. अमेरिकेत इमिग्रेशनपासून पार बाहेरच्या दारापर्यंत सोडतो. चालता येणाऱ्यांनी व्हीलचेअर घेण्यात कमीपणा मानू नये.

इंदिरानगरचा सुहास
दोघांचंही वाचलं. मला तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. अमेरिकेतल्या अमेरिकेत विमान बदलायची वेळ मात्र येऊ देऊ नका. शिकागोला उतरून पुढे फिलाडेल्फिया, अशी तिकिटं स्वस्त दिसतात आणि लोक फसतात. अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा पाय ठेवाल तिथेच इमिग्रेशन होतं. मग पट्ट्यावरून बॅगा उतरवायच्या, कस्टममधून न्यायच्या, पुन्हा पुढच्या विमानासाठी द्यायच्या आणि पुन्हा सुरक्षा तपासणी. तेवीस-तेवीस किलोच्या बॅगा काका पट्ट्यावरून ओढणार का?

याला अपवाद अबुधाबीचा. तिथे २०१४ पासून अमेरिकेचे अधिकारी बसतात, इमिग्रेशन-कस्टम तिथेच उरकतं. न्यूयॉर्कला उतरलात की देशांतर्गत प्रवाशासारखं थेट बॅगा घेऊन बाहेर. मी आई-बाबांसाठी हाच मार्ग निवडीन.

पंचवटीची मावशी
सुहास, अबुधाबीचं मला रुचत नाही. किती दिवस राहणार, कुणाकडे राहणार, काय घेऊन आलात, हे प्रश्न काय ते तिथेच होणार. आणि पुढचं विमान डोक्यावर! रांग लांबली तर माणूस घाबरून भलतंच बोलतो. हेच नेवार्कला झालं तर पुढे गाठायचं विमान नाही, तास लागो की दोन. मुक्काम किती दिवसांचा ते त्या खिडकीवरच ठरतं, तिथे जीव शांत हवा. माझं मत सायलीच्या बाजूने.

आणि सायली, सासूबाईंच्या बॅगेत द्राक्षं घालू नकोस, ताजी फळं चालत नाहीत. चिवडा, पापड, मसाले न्या, पण फॉर्मवर किंवा अधिकाऱ्याला खाण्याचं सामान आहे म्हणून सांगायचं. लपवलं की दंड.

गोदाकाठ
मावशी, शांत जीव सोळा तास आखडलेल्या पायांनी कसा राहील, ते सांगा ना. इमिग्रेशनची रांग नेवार्कलाही आहेच.

सायली, गंगापूर रोड
दर दोन तासांनी उठून चालायचं, पाणी प्यायचं, पायमोजे डॉक्टरांना विचारून घ्यायचे. एवढं सासरे करतील, मी लिहूनच देणार आहे. सुहासदादा, देशांतर्गत जोड नको हे शंभर टक्के मान्य, ते नणंदेलाही कळवते. पण न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ नको. क्वीन्समधून न्यूयॉर्क पार करून फिलाडेल्फिया गाठायचं म्हणजे ट्रॅफिकमध्येच जीव जातो. नेवार्क न्यू जर्सीतच आहे, टर्नपाईक महामार्गाला लागलं की सरळ दक्षिणेला.

इंदिरानगरचा सुहास
येतानाचं कुणी बोलतच नाही. दिल्लीत इमिग्रेशन उरकून ओझरला, आपल्या नाशिकच्या विमानतळावर, उतरता येतं. एकाच तिकिटावर मिळालं तर पहिलं विमान उशिरा आलं तरी पुढची सोय कंपनीला करावी लागते. मुंबईला उतरलात तर समृद्धीने घाट टळतो, पण ठाणे-भिवंडीचा टप्पा कुठे चुकतोय?

पंचवटीची मावशी
ओझरचं त्या दिवशीचं विमान चुकलं तर दिल्लीत रात्र काढायची का रे? मुंबईला उतरू दे. गाडी घेऊन घरचं माणूस दारात उभं राहील.