तोंडातली बुरशी: 'गोळ्या बोगस' म्हणणाऱ्यांसाठी

निशाचर: परवा इथं कुणी लिहिलं, आयसीयूतून घरी आलेल्या सासूबाईंच्या तोंडातला पांढरा थर दहा दिवस फ्लुकोनाझोल ही बुरशीवरची गोळी देऊनही गेला नाही, म्हणजे गोळ्या बोगस आणि डॉक्टर लुटारू. खाली शंभर जणांचं 'अगदी बरोबर'. मी लॅबमध्ये रोज याच बुरशीच्या प्लेटा बघतो, म्हणून राहवलं नाही. तोंडातली ही बुरशी म्हणजे कँडिडा, आणि ती एकाच जातीची नसते हो. अल्बिकन्स बहुतेक वेळा या गोळीला दाद देते. क्रुसेई जन्मतःच देत नाही. ग्लाब्राटा अर्धवट: आत शिरलेलं औषध पंप लावून बाहेर फेकते. गोळी अस्सल असली तरी! थर खरवडून कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये वाढवून कुठली बुरशी ते बघायला, पाठवला का, हे एकानेही विचारलं नाही.

खवचट काकू: ती पोस्ट माझी. शंभर नाही, अकरा जण होते. कल्चर म्हणे! आमच्या तालुक्यात बुरशीचं कल्चर करतं कोण? नमुना शहरात जाणार, रिपोर्ट येईतो म्हातारीने पेजसुद्धा गिळायची नाही?

पोथीपंडित: अल्बिकन्स एवढी गुणाची, तर डब्ल्यूएचओने २०२२ च्या यादीत तिला ऑरिससारख्या औषधांना न जुमानणाऱ्या कँडिडाच्या पंगतीला का बसवलं?

निशाचर: ती यादी रक्तात घुसणाऱ्या बुरशीच्या हिशोबाने आहे. जिभेवरच्या थराची नाही.

फणसपोळी: मूळ दुखणं मेडिकलच्या काउंटरवर आहे. भावाला नायटा झाला, दुकानदाराने स्टेरॉइडवाली मिक्स ट्यूब दिली. खाज दोन दिवसांत गायब, महिन्याने मांडीभर चट्टे. वर्ष झालं, बुरशीवरचं इट्राकोनाझोल चालूच.

काउंटरमागचा: आले दुकानदारावर! २०१८ ला ती मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांत, गेली. चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात. रिकामी ट्यूब नाचवत 'हीच द्या' म्हणणारे कोण, तुम्हीच ना?

फणसपोळी: शेजारी विकतो म्हणून तुम्ही पण विकणार? वा!

काउंटरमागचा: दुकानाचं भाडं तुम्ही भरा, मग शिकवा.

निशाचर: नायट्याचा धागा वेगळा काढा. ती बुरशीच वेगळी.

फणसपोळी: बुरशी वेगळी, सवय तीच: न तपासता औषध.

दंतकथा: भांडून झालं असेल तर एक विचारते. सासूबाईंना कवळी आहे का? माझ्या वडिलांना तीन कोर्स झाले, सगळे म्हणाले रेझिस्टन्स, बुरशी औषधाला दाद देत नाही. कवळी चोवीस तास तोंडात! त्या प्लास्टिकवर बुरशीचा चिकट थर बसतो, गोळीचं तिथं काही चालत नाही. रात्री काढून घासून ठेवायला लागलो, तेव्हा कुठे तोंड साफ झालं. दम्याचा पंप ओढून चूळ न भरणारे, तेही ऐका, तुमच्याही तोंडात हीच बुरशी धरते.

खवचट काकू: आहे कवळी. काढत नाहीत, कोणी आलं तर म्हणून. बरं, आज रात्री काढायला लावते. पण इतक्या दिवसांत एकाही डॉक्टरने 'आ करा' म्हणून बॅटरी मारली नाही, त्याचं काय?

निशाचर: ते मात्र तुमचं खरं. तुम्ही 'बोगस' मागे घ्या, मी 'शंभर' मागे घेतो.

खवचट काकू: आधी कल्चरला किती पडतात ते सांगा.