'अनफ्रेंड करणे' : मराठीत काय म्हणाल?

'अनफ्रेंडेड' या भयपटावर लिहितेय आणि नावापाशीच गाडी अडलीय. न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात : लेव्हान गाब्रिआद्झे या जॉर्जियन दिग्दर्शकाचा २०१४चा सिनेमा. अख्खी गोष्ट ब्लेअर नावाच्या मुलीच्या लॅपटॉपच्या पडद्यावर घडते. स्काइपवर टोळक्याच्या गप्पा चालल्यात, त्यात एक अनोळखी खातं घुसतं आणि काही केल्या कॉलमधून निघत नाही. वर्षभरापूर्वी लॉरा या त्यांच्याच मैत्रिणीचा नशेतला लाजिरवाणा व्हिडिओ कुणीतरी नेटवर टाकला होता, तिने जीव दिला होता. आता तीच बोलतेय. 'मैत्री तोडलेली' लिहिलं तर फारच शाळकरी वाटतं. काही सुचतंय?

प्रतिसाद :
शब्दांना काय तोटा! बिनसलं, फाटलं, वितुष्ट आलं, अबोला धरला. घ्या हवा तो.

प्रतिसाद :
यातला एकही चालणार नाही. बिनसतं ते दोघांचं. अबोला धरायचा तर समोरच्याला तो कळायला हवा, नाहीतर धरून उपयोग काय? अनफ्रेंड करणं एकतर्फी आणि गुपचूप. फेसबुक त्या माणसाला कळवतसुद्धा नाही. गंमत म्हणजे ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात या क्रियापदाचा १६५९चा दाखला आहे, टॉमस फुलर या धर्मोपदेशकाचा. या मतभेदामुळे आपण 'परस्परांना' अनफ्रेंड झालो नसू अशी आशा तो व्यक्त करतो. म्हणजे तेव्हा ते दोघांचं होतं, आपल्या 'बिनसण्या'सारखं! न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने २००९मध्ये वर्षाचा शब्द म्हणून निवडला तो फेसबुकवाला अर्थ.

प्रतिसाद :
विशेषण त्याहून जुनं आहे. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' नाटकाच्या पहिल्याच अंकात लिअर आपल्या मुलीबद्दल, कॉर्डेलियाबद्दल हा शब्द वापरतो, अर्थ 'जिच्या पाठीशी कुणी नाही अशी'. त्या अर्थाने सिनेमातली लॉरा अनफ्रेंडेड. यादीतून कुणी कुणाला काढलं हा प्रश्नच उरत नाही.

प्रतिसाद :
गट्टी फू! :)

प्रतिसाद :
आमच्याकडे कट्टी-बट्टी. पण कट्टीनंतर बट्टी ठरलेली असते, मधल्या सुट्टीपर्यंतसुद्धा टिकत नाही ती. या सिनेमात बट्टीला जागाच नाही.

प्रतिसाद :
सगळे मिळून एकीच्या मागे लागले ना? मग 'वाळीत टाकलेली' लिहा की.

प्रतिसाद :
कृपया नको. वाळीत टाकणं म्हणजे पाणवठा, लग्न, मयत सगळंच बंद. त्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. कॉलेजातल्या कंपूबाजीला तो शब्द लावून स्वस्त करू नये. बाकी व्हिडिओ नेटवर टाकण्याला 'चव्हाट्यावर आणणे' इतका चपखल बसतो की नवा शब्द घडवायची गरजच नाही.

धागाकर्ती :
चव्हाटा घेतला, आभार. लिअरचा दाखलाही लेखात जाणार. वाळीतचं पटलं.

एक सांगते, लिहिता लिहिता जाणवलं की यातल्या तंत्राला मराठी शब्द सहज सापडतात. ब्लेअर मित्राला काहीतरी टाइप करते, थांबते, पुसते आणि दुसरंच पाठवते. पुसलेलं फक्त आपण वाचलेलं असतं. याला आपण शब्द गिळणं म्हणतोच. मला हा भाग रक्तपातापेक्षा जास्त भीतिदायक वाटला. रक्तपात खरं तर बेताचाच आहे. मग तो 'मी कधीच अमुक केलं नाही'चा खेळ. पाच बोटं वर धरायची, केलं असेल तर एक मिटायचं, आणि हरेल तो मरणार. जीव वाचवायला एकेक जण दुसऱ्याचं बिंग फोडतो.

(रसभंग होईल, पाहायचा असेल तर पुढचा परिच्छेद सोडा.)

शेवटी कळतं की तो व्हिडिओ ब्लेअरनेच काढला होता. लॉराची लहानपणापासूनची मैत्रीण ती. याला 'अनफ्रेंड' फारच मिळमिळीत झालं. केसाने गळा कापला म्हणतात याला.

प्रतिसाद :
मग शीर्षक तेच देणार का?

धागाकर्ती :
नाही. केसाने गळा कापणारी कोण ते शीर्षकातच फुटेल. सिनेमाचं नाव देवनागरीत जसंच्या तसं ठेवतेय, आणि मजकुरात 'यादीतून उडवलं'. आमच्या ऑफिसात सगळे तेच म्हणतात.

प्रतिसाद :
'उडवलं' भयपटाच्या लेखात? वाचणारा बंदूक शोधेल. 'काढून टाकलं' करा.